ब्लूग्रासला सोवळं नको

अमेरिकेतल्या ब्लूग्रासच्या वर्तुळात एक तक्रार गेली पन्नासएक वर्षं ऐकू येते. केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ मुलखातलं हे साधं, सच्चं, तारवाद्यांचं संगीत. शहरी वादकांनी त्यात जॅझचे अवघड कॉर्ड्‌स आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या रील, म्हणजे नाचाच्या द्रुत चाली, घुसडल्या आणि ते नासवलं, असं ही तक्रार सांगते. तक्रार करणारी माणसं या संगीतावर जीव टाकणारी आहेत, म्हणून तिला उडवून लावणं योग्य नाही. उत्तर दिलं पाहिजे. माझं उत्तर असं, की जॅझ आणि केल्टिक (आयरिश-स्कॉटिश) सूर हे या घरी उशिरा आलेले पाहुणे नाहीत. पाया घातला तेव्हापासून ते तिथे राहत आहेत.

आधी शुद्धतेचा काळ ठरवू. ब्लूग्रासचा जनक मानला जाणारा बिल मन्रो 1939 मध्ये आपले ‘ब्लू ग्रास बॉइज’ घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. पण ज्याला आज अस्सल ब्लूग्रास म्हणतात तो नाद तेव्हा नव्हता. 1945 च्या ध्वनिमुद्रणात तर या वाद्यवृंदात चक्क अ‍ॅकॉर्डियन वाजतं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बॅंजो घेऊन आला आणि 1948 मध्ये तो व गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट दोघेही मन्रोला सोडून गेले. म्हणजे सनातनी मंडळी ज्याला मूळ रूप मानतात, तो दोन-सव्वादोन वर्षांचा एक मुक्काम आहे. त्या मुक्कामाचं मोल मी जराही कमी करत नाही. तिथे वाजलेलं आजही अंगावर येतं. पण एका मुक्कामाला उगम म्हणायचं आणि पुढच्या प्रत्येक पावलाला भ्रष्टता म्हणायचं, हा न्याय नव्हे.

आणि त्या मुक्कामावर तरी काय काय जमलं होतं? मॅंडोलिन इटलीचं. बॅंजोचं कूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांकडचं. फिडल वाजवणारा मामा पेन व्हॅंडिव्हर, ज्याच्याकडून मन्रोने जुन्या चाली उचलल्या. आणि आर्नल्ड शुल्ट्‌झ हा कृष्णवर्णीय गिटारवादक, ज्याच्यासोबत पोरसवदा मन्रो नाचाच्या कार्यक्रमांत साथीला बसायचा आणि ज्याच्याकडून ब्लूज त्याच्या कानात शिरला. शुल्ट्‌झचं एकही ध्वनिमुद्रण नाही, ही या संगीताच्या इतिहासातली मला सर्वांत बोचणारी उणीव वाटते. गाण्याच्या मध्ये प्रत्येक वादकाने आळीपाळीने पुढे येऊन आपला तुकडा वाजवायचा, ही ब्लूग्रासची खूण तर सरळ जॅझच्या वळणाची आहे. मन्रो स्वतः आपल्या संगीताचे घटक सांगताना स्कॉटिश बॅगपाइप, चर्चमधलं गायन, ब्लूज आणि जॅझ ही नावं एका दमात घेत असे. जनकच हे सांगत असेल, तर वारसांना सोवळं पाळण्याचा अधिकार कुणी दिला?

बदल बाहेरून लादला गेला, हेही खरं नाही. बोस्टनचा बिल कीथ 1963 मध्ये मन्रोच्या वाद्यवृंदात बॅंजो वाजवू लागला. स्क्रग्जच्या पद्धतीत चालीचे मुख्य स्वर सुरावटीच्या ओघात गुंफले जातात. कीथने फिडलवरची रील किंवा हॉर्नपाइप स्वर न स्वर बॅंजोवर उतरवण्याची युक्ती शोधली. केल्टिक चाली बॅंजोवर पूर्ण रूपात आल्या त्या अशा, मन्रोच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या पसंतीने. मन्रोकडे सर्वांत दीर्घकाळ टिकलेला फिडलवादक केनी बेकर हा केंटकीतल्या कोळसा खाणीत काम केलेला माणूस; त्याचं प्रेम फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीवर. आणि खुद्द स्क्रग्ज 1969 मध्ये फ्लॅटपासून वेगळा झाला, तो आपल्या मुलांसोबत विजेच्या वाद्यांचा नवा संच काढण्यासाठी. शुद्धतेची फूटपट्टी ज्याच्या बोटांवरून बनवली, त्यालाच ती अपुरी पडली.

आता दुसऱ्या बाजूची चूक. नव्या वादकांपैकी काही जण केल्टिक रंगाचं समर्थन असं करतात: ब्लूग्रास म्हणजे समुद्रापार गेलेलं आयरिश संगीतच, आम्ही फक्त ते मायघरी नेतो. अठराव्या शतकात अल्स्टरहून आलेल्या स्थलांतरितांनी अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांत आपल्या चाली आणल्या, हे खरंच आहे. ‘मिस मॅक्लाउड्‌ज रील’ तिथे ‘हॉप हाय लेडीज’ होऊन वाजते. पण एवढीच वंशावळ सांगितली की बॅंजो आणि ब्लूज, म्हणजे शुल्ट्‌झसारखी माणसं, चित्रातून पुसली जातात. ही शुद्धता पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. पहिली नुसती काळाला अडवते, ही माणसांना वगळते.

मग हे मिश्रण जुळतं कशामुळे? रचनेतच कारणं आहेत. 1934 मध्ये पॅरिसला गिटारवादक जॅंगो राइनहार्ट आणि ग्रापेली यांनी जे पंचक उभं केलं, त्यात ढोल नव्हते. ताल धरायच्या त्या गिटारीच. ब्लूग्रासमध्येही ढोल नाहीत. तिथे मॅंडोलिन उलट्या ठोक्यावर आखूड, कोरडा कॉर्ड मारतं आणि ढोलाचं काम करतं. वादक त्याला ‘चॉप’ म्हणतात. दोन्हीकडे तारांनीच ताल धरायचा असल्यामुळे मॅंडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनने आपल्या पंचकाच्या 1977 च्या पहिल्या तबकडीत दोन मॅंडोलिन, गिटार, फिडल आणि बास घेऊन दोन्ही घराणी एकत्र वाजवली, तेव्हा कुठे सांधा दिसला नाही. ग्रापेली नंतर त्याच्यासोबत मंचावर येऊन वाजवू शकला तो याच आधारावर.

केल्टिक बाजू स्वरांच्या अंगाने जुळते. जुन्या रीलमध्ये कॉर्ड फार बदलत नाहीत. एकाच स्वरपंक्तीत चाल फिरत राहते. आपल्या कानांना त्या पंक्ती परक्या नाहीत: डोरियन म्हणजे काफी थाटाचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजाचे. माइल्स डेव्हिसने 1959 मध्ये जॅझला ज्या वाटेवर नेलं, तिथेही एक स्वरपंक्ती धरून बराच वेळ विस्तार करायचा असतो. म्हणून जुनी डोंगरी चाल, आयरिश रील आणि मोडल जॅझ एकमेकांना भेटतात तेव्हा त्यांना भाषा शोधावी लागत नाही.

सगळंच जमतं असं मात्र नाही. जिगची चाल तीन-तीनच्या गतीची. तिच्यावर ब्लूग्रासचा चॉप बसवला की तिची उडी मोडते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या फिडलवादकांनी रील जपल्या आणि जिग बहुतेक सोडल्या, त्यामागे हेही असावं. जो वादक हे न ओळखता नुसता आयरिश शिक्का मारतो, त्याच्यावरची टीका मला मान्य आहे. बॅंजोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मेयर, तबलावादक झाकीर हुसेन आणि मुंबईचे बासरीवादक राकेश चौरसिया यांचं 2023 चं ‘अ‍ॅज वी स्पीक’ ऐकावं. बॅंजो तिथे सतारीची नक्कल करत नाही आणि तबला चॉपची जागा बळकावत नाही. मिश्रणाची परीक्षा इथे घ्यावी: प्रत्येक वाद्य आपल्या स्वभावात राहून दुसऱ्याचं ऐकतं का?

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. नव्या संगीतात बोटं धावतात, पण गाणं हरवलं. शेतातल्या, खाणीतल्या माणसाचं दुःख सांगणारा तो उंच, एकाकी आवाज कुठे गेला? काही संचांबाबत हे खरं आहे आणि कौशल्याच्या नादात श्रोता विसरणाऱ्यांना हे ऐकवलंच पाहिजे. पण हा दोष जॅझ शिकल्याने येतो, हे गिटारवादक टोनी राइसकडे पाहून कुणी म्हणू नये. 1975 मध्ये बॅंजोवादक जे. डी. क्रोच्या संचात तो परंपरेच्या ऐन गाभ्यात होता. तिथून तो ग्रिसमनकडे कॅलिफोर्नियाला गेला आणि जॅझची हार्मनी शिकला. मग 1980 मध्ये त्याने दोन तबकड्या काढल्या. ‘मार वेस्ट’वर त्याने माइल्सची ‘नार्डिस’ वाजवली. ‘स्कॅग्ज अँड राइस’वर रिकी स्कॅग्जसोबत, फक्त गिटार आणि मॅंडोलिनच्या साथीने, जुन्या जोडगाण्यांचा असा संग्रह गायला की सनातन्यांच्या घरीही तो जपून ठेवलेला असतो. पुढच्याच वर्षी ‘द ब्लूग्रास अल्बम’साठी त्याने क्रोला पुन्हा सोबत घेतलं, त्यात बास वाजवणारा टॉड फिलिप्स ग्रिसमनच्या पंचकातलाच. हात तेच, गिटारही तीच, ब्लूग्रास गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटकडची 1935 ची मार्टिन.