कोटा कोणाचा, पहारा कोणावर?

मासळीचा दुष्काळ म्हणजे काय, हे ठाणे खाडीकाठच्या रबाळे-घणसोलीतील आगरी-कोळ्यांना कोणी शिकवावयास नको. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. त्यांचे सांडपाणी आणि खाडीतील भराव यांनी येथील जाळी रिकामी केली. बाहेरच्या दर्यात तेच काम आज बेबंद भांडवल करीत आहे. म्हणूनच मासेमारीला मर्यादा आणि नौकांवर देखरेख हवी, या मागणीचे आम्ही स्वागत करतो. तथापि ही मर्यादा कोणावर पडणार, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यांचा तुटवडा नाही. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदा १९८१ चा आहे. २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणावयाचे ठरविले. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला ५ ते २० लाखांचा दंड लावला. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरले आणि २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. परंतु ड्रोनला नौका दिसते, तिच्या पोटातील मासळी दिसत नाही. तिचे माप बंदरावरच घ्यावे लागते, आणि तेथे पहारा ढिला असेल तर सारा कायदा कागदावरच राहतो.

कोटापद्धतीचा गाजलेला प्रयोग आइसलंडचा. १९९० च्या तेथील कायद्याने मासळी ही राष्ट्राची सामाईक संपत्ती ठरविली. पण त्याच कायद्याने कोटा खरेदी-विक्रीला मोकळा केला. परिणामी कोटे मोठ्या कंपन्यांकडे एकवटले आणि छोट्या गावांचा समुद्रावरील हक्क आटला. जे राष्ट्राचे म्हणून जाहीर झाले, ते बाजारात विकले गेले!

शिवाय आपला समुद्र वेगळा आहे. डोल जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळा एकत्रच येतात. अशा ठिकाणी एकेका जातीचा वजनी कोटा लावला, तर जादा मासळी मेलेलीच पाण्यात फेकली जाईल. म्हणून आपल्याकडे कोटा हवा तो नौकांच्या संख्येचा, इंजिनाच्या ताकदीचा, जाळ्याच्या आसाचा आणि महिन्यांचा. तो गावोगावच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांना मिळावा, विकता येऊ नये; आणि बंदरावरील मोजणीत त्यांचा प्रतिनिधी असावा.

यात खलाशाचा विसर पडता कामा नये. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मालक नौका शाकारून ठेवतो. खलाशाची चूल मात्र शाकारून ठेवता येत नाही. मर्यादेचा भार त्याच्यावर टाकणारे धोरण न्याय्यही नाही आणि टिकणारेही नाही.

किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी या मागण्या सोसायट्यांच्या सभांतून आजच मांडाव्यात. समुद्र वाचवावयाचा तो त्यावर जगणाऱ्यांसाठी. त्यांना वगळून तो वाचणार नाही.