डब्याची वही

गेल्या जुलैत मुंबईत माझ्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसत होता, तेव्हा इकडे मांडव्यात लाइट गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागायचं काही कारण नव्हतं. पण मी हौशी माणूस आहे, आणि हौशी माणसाच्या घरात नको तिथे नको त्याचा संबंध लागतो.

आमच्या जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी, एक जुना लॅपटॉप गेली सात वर्षं चालू आहे. लेकीनं टाकून दिलेला. बॅटरी फुगली म्हणून मी काढून टाकली, पडद्याचा अर्धा भाग काळा पडलाय. घरात त्याला सगळे 'डबा' म्हणतात. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, लिनक्सवर घरातले फोटो, सातबारे, दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या, लाँचच्या इंजिनांची मी तीस वर्षं लिहिलेली टिपणं आणि मेडिक्लेमची कागदपत्रं. कुठल्या कंपनीच्या दारात जायला नको, सगळं आपल्या घरात, आपल्या कुलपात. मी हे ज्याला त्याला सांगत असे. चोंढीच्या नाक्यावर चहा पिताना तर फारच.

तर त्या दिवशी लाइट चार तास नव्हती, इन्व्हर्टर बसला, डबा बंद पडला. लाइट आल्यावर बायकोनं शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. मुंबईत हॉस्पिटलच्या काउंटरवर लेक उभी, तिला पॉलिसीचा कागद आणि जुने रिपोर्ट हवे होते. बायको फोनवर तिला सांगत होती, "अगं, ते इंग्रजीत काहीतरी विचारतंय. बाबांची जन्मतारीख घातली, तुझी घातली, बोटीचं नाव घातलं. नाहीच म्हणतंय."

ते पासवर्ड विचारत होतं. चोरानं डबा उचलून नेला तरी आतलं काही वाचता येऊ नये म्हणून मी अख्खी डिस्क कुलूपबंद करून ठेवली होती. सत्तावीस अक्षरांचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात, आणि डोकं आत टेबलावर. चोरासाठी लावलेलं कुलूप बायकोला बसलं. शेवटी तिनं टॉर्च घेऊन माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून मूळ कागद शोधला. 'स्कॅन झाला, आता याचं काय काम' म्हणून मीच तो तिथे टाकला होता. तिनं त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि लेकीला पाठवला. कशावरून, ते सांगायला नको. ज्या कंपन्यांच्या नावानं मी सात वर्षं बोटं मोडत होतो, त्यांतलीच एक अडीच सेकंदांत कामाला आली.

एवढं होऊनही मी डबा भंगारात दिलेला नाही, आणि इतरांनीही असा डबा घरात ठेवावा असंच माझं म्हणणं आहे. मात्र आम्ही हौशी लोक तो ज्या कारणांसाठी ठेवतो ती कारणं अर्धवट आहेत, आणि ज्या रीतीनं ठेवतो ती रीत चुकीची आहे.

पैसे वाचतात, हे पहिलं कारण. वाचतात, पण थोडे. माझा डबा मी मोजला, बारा वॉट घेतो. वर्षाला 105 युनिट. त्यात दर तीनचार वर्षांनी डिस्क बदलायची, आणि आमच्याकडची खारी हवा. मांडव्यात तांब्याला महिन्यात हिरवा रंग चढतो. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायची, हे मी पावसाळ्याआधी छपराच्या नळ्यांबरोबरच करतो. एकदा आत पाल मेली होती. हा हिशोब धरला तर फायद्याचं बोलू नये.

दुसरं कारण खरं आहे. कंपन्या दुकान बंद करतात किंवा दर बदलतात. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं, तेव्हा आमच्या लेकीच्या पिढीच्या गप्पा गेल्या. गूगलनं फोटो फुकट, हवे तेवढे ठेवायची सोय 1 जून 2021 पासून थांबवली. यात त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. भाड्याचं घर ते भाड्याचंच. पण भाडेकरूनं आपलं सामान कुठे कुठे आहे ते माहीत करून घ्यावं.

आपलं सामान घरात असण्याचा अर्थ मला निसर्ग वादळात कळला. 3 जून 2020. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. वीज गेली, मोबाइलला रेंज नाही, इंटरनेटचं नाव नाही. लाँचच्या जुन्या बॅटरीवर मी डबा आणि वायफायचा राउटर रोज तासभर चालवत असे. बाहेरचं जग बंद होतं तरी घरातल्या घरात वायफाय चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पंचनाम्यासाठी, वादळाआधी कुणाच्या वाडीत किती नारळ, किती पोफळी उभ्या होत्या हे दाखवायला जुने फोटो लागत होते. आळीतली चारपाच घरं ओटीवर येऊन आपापल्या मोबाइलवर माझ्या डब्यातले लग्नाबारशाचे फोटो चाळत होती. नवरीच्या मागे कुठली झाडं दिसतात ते बघत.

तेव्हा मला फार अभिमान वाटला. आता वाटतं, त्या आठवड्यात मी आजारी पडलो असतो तर?

आमच्या धंद्यात एक म्हणणं आहे की इंजिन ड्रायव्हरचं असतं. मालकाचं नाही, तांडेलाचं नाही. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या इंजिनाला आपली सवय लावतो. कुठला व्हॉल्व्ह अर्धा पिळायचा, डिझेलच्या नळीला कुठे कपडा गुंडाळलाय. तो रजेवर गेला की बदलीच्या माणसाचे हाल. मी गेटवेला जाणाऱ्या लाँचवर बदलीचा माणूस होतो, तेव्हा असल्या ड्रायव्हरांना शिव्या घातल्यात. आणि निवृत्त झाल्यावर घरात तसलंच इंजिन बांधलं.

तरी या हौसेत जे कान तयार होतात ते मला मोलाचे वाटतात. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसऱ्यानं कपाळाला आठी घालून सोडून दिलं असतं. हा खोदत गेला. जगभरच्या लिनक्स मशीनांत जाणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घालून ठेवला होता, तो त्यानं सर्वत्र पसरायच्या आत उघडकीला आणला. सामान उघडं होतं, प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येत होतं, म्हणून हे जमलं. सिलिंडरचा आवाज बदलला की ड्रायव्हर बोलता बोलता थांबतो, तसं हे. पण त्यानं पुढे काय केलं ते बघा. सापडलेलं सगळं लिहून चारचौघांत ठेवलं. आवाज ओळखून गप्प बसला असता तर त्याचे कान त्याच्यापुरतेच राहिले असते.

लिहून ठेवण्याचा, आणि घाई न करण्याचा, धडा घ्यायला आम्हाला लांब जायला नको. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा तिथले संचालक होते. नवी जागा अलिबागला घेतली, बांधकामात लोखंड टाळलं आणि 1904 पासून तिथे नोंदी सुरू केल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला आणि 1840च्या दशकापासूनची साखळी तुटली नाही. अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरून किनाऱ्याकडे जाणाऱ्या किती जणांना ही वेधशाळा ठाऊक असेल कोण जाणे. मी मात्र जो कुणी विचारायला येतो त्याला हेच सांगतो. फोटो घरच्या डब्यात आणायचे तर आण, पण दोन वर्षं तिकडचे पुसू नकोस. आणि ईमेल घरी आणायच्या भानगडीत पडू नकोस, त्यात मी दोन वर्षं घालवली आहेत.

हे आत्ता सांगायचं कारण असं की विंडोज 10ला मिळणारी नेहमीची दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025ला संपली. नवं विंडोज चालत नाही म्हणून चांगली चालती मशीनं भंगारात निघाली आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारली तर ढीग दिसतील. यातलं एकेक मशीन गावच्या वाचनालयात बसवून त्यावर लिनक्स घालता येईल. किविक्स नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यानं अख्खा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वायफायवर वाचता येतो. गावच्या जत्रेचे, जुन्या धक्क्याचे, वादळाआधीच्या वाड्यांचे फोटो त्यात राहतील. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 सालापासून आहे. पुस्तकं, कपाटं, वर्तमानपत्रं यांच्या जोडीला असा एक डबा अनुदानात बसायला हरकत नसावी.

हरकत येईल ती दुसरीच. 'बिघडला तर बघणार कोण?' गावातला हौशी पोरगा बघेल, असं उत्तर ठरलेलं असतं. तो पोरगा दोन वर्षांत पुण्याला नोकरीला जातो. केरळात शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि 'लिटल काइट्स' नावानं मुलांचे गट त्यांची देखभाल शिकतात. एक बॅच गेली की दुसरी. आपल्याकडे सगळा भार त्या एका पोरावर, आणि तो जे काही करतो ते इंग्रजी अक्षरांत, त्याच्या डोक्यात. म्हणून माझी मागणी मशीनच्या आधी वहीची आहे. शंभर पानी, पुठ्ठ्याची, मराठीत लिहिलेली, डब्याला दोरीनं बांधलेली. कोणती वायर कुठे, बटण कोणतं, पासवर्ड कुणाकडे, कशाला हात लावायचा नाही. आणि लिहिणाऱ्यानं लांब उभं राहून, तोंडातून अवाक्षर न काढता, दुसऱ्याला ती वाचून डबा चालू करू द्यायचा. याला मी परीक्षा म्हणतो. मी स्वतः तीनदा नापास झालो.

पहिल्यांदा मी 'सर्व्हर रीस्टार्ट करावा' असं लिहिलं होतं. बायको म्हणाली, "अहो, म्हणजे कुठे दाबू ते लिहा ना." दुसऱ्यांदा वायरीचा रंग निळा लिहिला; तिच्या मते तो मोरपंखी आहे आणि निळी वायर इन्व्हर्टरची. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं, फक्त लाइट गेलेल्या घरात माझं अक्षर तिला टॉर्चच्या उजेडात लागेना. मग तिनं वही ओढून घेतली आणि पहिल्यापासून स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. पासवर्ड आता कपाटात, तिच्या पाटल्यांच्या डबीखाली, पाकिटात आहे.

लाइट अचानक गेली की परत चालू होताना डबा डिस्क तपासत बसतो, त्याला पाच मिनिटं लागतात, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ते तिनं आपलं आपण शोधलं. तिच्या वहीत तिसऱ्या पानावर आहे: 'हिरवा दिवा लागला नाही तर यांना फोन करू नये. चहा ठेवावा. चहा गाळेपर्यंत लागतो.'