टाळ्या पुरे झाल्या!

मंडळी, आधीच सांगते, हा लेख वाचून काहींना राग येईल. यावा अशीच इच्छा आहे. सगळ्यात जास्त राग मला माझाच आला आहे, त्यामुळे कोणी मनाला लावून घेऊ नये.

आपल्या मंडळात दर एक-दोन वर्षांनी एक कार्यक्रम ठरलेला असतो. भारतातून आदिवासी भागात काम करणारं एखादं दांपत्य येतं. त्याने खादीचा सदरा घातलेला, तिने साधी सुती साडी नेसलेली. मग स्लाइड शो होतो. त्यात कुपोषित मूल, तुटलेला पूल, झोपडीतला दवाखाना. सभागृहात रुमाल निघतात. शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवतात, बाहेर टेबलावर चेक लिहिले जातात आणि आपण बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहतो. रांगेत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ही माणसंच वेगळी हो! आपल्याला नाही जमायचं."

माझं भांडण या वाक्याशी आहे. वरवर ते नम्रतेचं वाटतं, पण खरं तर ती पळवाट आहे. समोरच्याला एकदा देव करून टाकलं की त्याच्यासारखं वागायची जबाबदारी आपोआप संपते. देवाला नारळ फोडला की झालं.

ही माणसं वेगळी नव्हती. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले तेव्हा ते नुकतं लग्न झालेलं तरुण जोडपं होतं. वीज नव्हती, आणि पावसाळ्यात नद्या चढल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. माडिया लोक त्यांना बघून दूर पळत. दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. पुढे तिथेच शाळा निघाली, आणि त्यांची मुलं माडिया मुलांच्या शेजारी बसून त्याच शाळेत शिकली. आपल्यापैकी कितीजणांनी 'चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्ट'साठी घर बदललं, हात वर करा बघू. मीही केला आहे. आणि त्या शाळेत शिकलेल्या मुलांचं काय झालं? एक मुलगा डॉक्टर झाला, दुसरा इंजिनिअर, आणि दोघेही परत तिथेच कामाला लागले. माडिया मुलांमधूनही डॉक्टर आणि वकील तयार झाले. मला विचाराल तर सगळ्यात मोठा पुरस्कार हा, २००८चं मॅगसेसे त्याच्यानंतर.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तर इथे अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्सला शिकले, आणि परत जाऊन १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' सुरू केली. नवजात बाळं मरतात आणि हॉस्पिटल लांब आहे, असं दिसल्यावर त्यांनी गावातल्याच बेताच्या शिकलेल्या बायकांना घरोघरी जाऊन बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं, आणि पुढे भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही हेच केलं. वारली मुलं धाकट्या भावंडांना सांभाळायची म्हणून शाळेत येत नाहीत, असं कळल्यावर त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. या सगळ्यांनी आधी विचारलं, ऐकलं, आणि मग केलं. स्लाइड शोमध्ये हा भाग मागे पडतो, कारण त्याने डोळ्यांत पाणी येत नाही.

आता दुसरी बाजू. आपण मराठीत कौतुकाने म्हणतो, "अगदी मिशनरी वृत्तीने काम करतात." आणि त्याच पॉटलकमध्ये, तासाभराने, मिशनऱ्यांना शिव्या घालतो. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही वेळा आपण विचार करत नाही. या देशात १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. तशा शाळा पुढे सरकारने आणि चर्चनेही अनेक चालवल्या. मुलांचे केस कापले, नावं बदलली, स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा केल्या. चालवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सेवाच करतो आहोत असं मनापासून वाटत होतं. राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल जाहीर माफी मागेपर्यंत २०२४चा ऑक्टोबर उजाडला. नातवंडं मराठी बोलत नाहीत म्हणून रविवारच्या मराठी शाळेसाठी धडपडणाऱ्या आपल्याला तरी हे दुःख समजायला हवं. आपल्या मुलांची भाषा हळूहळू सुटते आहे, त्यांच्या मुलांच्या तोंडातून ती काढून घेतली.

म्हणून आपल्या स्लाइड शोवर 'मागासलेले बांधव' असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला आणि स्वतःच्या बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखवला. त्यांना दया नको होती, हक्क हवा होता.

आता माझी गोष्ट. २०१९ साली माझ्या मुलीचं रेसिडेन्सीचं शिक्षण संपत आलं होतं. तिला ॲरिझोनात नवाहो लोकांच्या भागातल्या हॉस्पिटलात जायचं होतं. दोन वर्षांचा करार, आणि त्या बदल्यात शैक्षणिक कर्जाचा काही भाग सरकार फेडणार. मी काय म्हणाले? "इतकं शिकून वाळवंटात? लग्नाचं वय आहे. आधी स्थिरस्थावर हो, मग कर समाजसेवा." ती म्हणाली, "आई, त्या डॉक्टर काकूंच्या कार्यक्रमात सगळ्यात पुढे बसून तूच रडत होतीस ना?" मी म्हणाले, "ते वेगळं."

तिने ऐकलं. मला बरं वाटलं.

२०२०च्या मे महिन्यात, लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर, नवाहोंमधली कोविडची लागण न्यूयॉर्कच्याही पुढे गेली. अनेक घरांत नळाचं पाणी नाही, हात धुवा म्हणून सांगायचं कोणाला? जगभर संकटात धावून जाणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला या श्रीमंत देशात आपलं पथक पाठवावं लागलं. मुलीने ती बातमी फोनवर उघडून माझ्यासमोर ठेवली आणि एक अक्षर न बोलता ड्यूटीवर निघून गेली. तिने भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

आज तिला तीन वर्षांची मुलगी आहे, आणि तिने पुन्हा अर्ज केला आहे. जावईही तयार आहेत. मागच्या आठवड्यात फोनवर प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता: "आणि नातीच्या शाळेचं काय?" दरवर्षी त्या पाहुण्या दांपत्याला प्रश्नोत्तरांत आपण हाच प्रश्न विचारतो, "तुमच्या मुलांवर अन्याय झाला असं नाही वाटत?" मी तो गिळला. "सामान कधी हलवायचंय?" एवढंच विचारलं. ते सोपं गेलं असं खोटं सांगत नाही.

सगळ्यांनी उठून गडचिरोली गाठावी असं माझं म्हणणं नाही. पैसेही लागतात, चेक लिहाच. पण पुढच्या पाहुण्यांना 'तुम्ही किती सोसलंत' असं विचारण्याऐवजी 'तुम्हाला काय हवंय' ते विचारा. एखाद्या नर्सचा वर्षाचा पगार मंडळाने सलग पाच वर्षं उचलावा. बातमी जुनी झाली म्हणून मधेच सोडू नये. रविवारच्या शाळेत शिवाजी महाराजांबरोबर, आपण ज्यांच्या जमिनीवर राहतो त्या लोकांबद्दलही मुलांना चार गोष्टी सांगा. आणि उद्या तुमच्या घरातलं कोणी "मी जाते" म्हणालं, तर निदान तिच्या वाटेत उभे राहू नका.

यंदाच्या कार्यक्रमाला मी येणार आहे. वडे तळायला नेहमीप्रमाणे माझं नाव घाला. टाळ्या मात्र मी बसूनच वाजवीन.