गाडीत हैस का?

आमच्या घरात संध्याकाळी साडेपाचचा एक फोन ठरलेला असतो. आजी करते आणि पप्पा उचलतात. पप्पा खानापूरच्या एका हायस्कुलात शिकवतात आणि बेळगावहून रोज २००८ च्या वॅगन आरनं जाऊन-येऊन करतात. अंतर तसं काही फार नाही, पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पण शाळा सुटायची वेळ झाली की आजीचं सगळं लक्ष घड्याळात. तिला एवढंच विचारायचं असतं, "कुठं हैस रे?" पप्पा म्हणणार, "देसूर पास झालो की आत्ता." मग आजी फोन ठेवून चहाचं आधण ठेवते.

मागच्या पावसाळ्यात एकदा मी पप्पांबरोबर येत होते. पाऊस लागलेला, वायपर जोरात चाललेले. मच्छेच्या अलीकडं फोन वाजला. पप्पांनी नेहमीप्रमाणे डाव्या हातानं उचलून कानाला लावला. समोर ट्रक हळू झाला म्हणून गिअर बदलायचा, तर डावा हात फोनला अडकलेला. त्यांनी फोन खांद्यात धरला, मान वाकडी झाली आणि गाडी थोडी डावीकडं गेली. तिथं सायकलीला दुधाचे कॅन लावून एक माणूस चालला होता. ब्रेक लागला. त्याच्या कॅनात आणि आमच्या आरशात फार तर वीतभर अंतर राहिलं असेल. तो काही बोलला नाही. नुसता वळून बघितला आणि पुढं गेला. फोनमध्ये आजी विचारत होती, "अरे, ऐकू येतंय का? कुठं हैस?"

घरी येईपर्यंत पप्पा बोलले नाहीत. रात्री मी म्हटलं, "गाडीत फोन उचलूच नका की." ते म्हणाले, "अगं, नाही उचलला तर तिचं बीपी वाढतंय. तू घरी नसतीस तेव्हा, तुला काय माहीत." हेही खरंच होतं. म्हणून मी ठरवलं, गाडीत हँड्सफ्री बसवायचं. आणि दुकानात न देता आपणच बसवायचं. फिजिक्स घेऊन तिसऱ्या वर्षापर्यंत आलेय, एवढं तर जमायला पाहिजे.

वाङ्मय मंडळाच्या अंकात फ्यूज आणि वायरींचं काय काम, असं कुणी म्हणेल. थोडं थांबा. वायरींवरून मी ज्या मुद्द्यावर येणार आहे, तो तुमच्या-माझ्या बोलण्याबद्दलचाच आहे.

जुन्या गाडीत हँड्सफ्री करायचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला सगळ्यात स्वस्त: सिगरेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर. तो फोनचा आवाज रेडिओच्या लहरीवरून गाडीच्या टेपला देतो. वाटेत त्याच जागी दुसरं स्टेशन लागलं की खरखर सुरू. दुसरा मार्ग म्हणजे उन्हाच्या झडपेला अडकवायचा छोटा स्पीकर. वायरिंग काही नाही, पण चार्ज करायला विसरलं की संपलं. तिसरा मार्ग, जुना टेप काढून त्या जागी ब्लूटूथ असलेला नवा टेप बसवायचा आणि त्याचा माइक वेगळा ओढून घ्यायचा. मी तिसरा निवडला, कारण पप्पा चार्जिंग विसरणार याची मला खात्री होती.

आता कामाची गोष्ट. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. सुरुवातीला दहाचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं. नव्या टेपच्या मागं वायरींचा जुडगा असतो. त्यातली पिवळी म्हणजे कायम बारा व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावरच येणारा करंट आणि काळी म्हणजे अर्थिंग. बाकी पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा जोड्या स्पीकरच्या. पट्टा असलेली वायर निगेटिव्ह. इथवर सोपं आहे. अवघड आहे ती गाडीची बाजू. आमच्या गाडीत आधीच्या मालकानं कधीतरी मूळ प्लग कापून टाकला होता आणि वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. रंगांचा काही भरवसा नाही. मग टोकं सुटी करून बॅटरी परत जोडली आणि प्रॅक्टिकलसाठी घेतलेला मल्टिमीटर बाहेर काढला. किल्ली बंद असताना बारा व्होल्ट दाखवते ती कायमची वायर. स्पीकरच्या जोड्या ओळखायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. दोन टोकांना क्षणभर लावला की ज्या दारातून 'टक्' असा आवाज येतो, त्या दारातला तो स्पीकर. हा अर्धा तास मला सगळ्यात जास्त आवडला.

चूक मात्र पुढंच झाली. किल्लीवर चालू होणारी वायर मला सापडली नाही. ती आत कुठंतरी तुटली होती. कंटाळून मी लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या वायरीला जोडून टाकल्या. टेप लागला, गाणं वाजलं, मी खूश. पण त्यामुळं किल्ली काढली तरी टेप आतून जागाच राहायला लागला. शनिवारी संध्याकाळी गाडी लावली. सोमवारी सकाळी स्टार्टर नुसता 'टक टक' म्हणाला. पप्पा बसनं खानापूरला गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "ब्लूटूथ झकास आहे, आता गाडी तेवढी चालू कर." त्या संध्याकाळी मी लाल वायर लायटरच्या लाइनीला जोडली. आमच्या गाडीत तिथं किल्ली फिरवल्यावरच करंट येतो. मध्ये एक फ्यूज घातला. चिकटपट्टी उन्हानं सुटते, म्हणून जोड सोल्डर करून वरून स्लीव्ह चढवली.

माइकची जागा ठरवायला आणखी दोन दिवस गेले. टेपमधल्याच माइकवर आजी म्हणाली, "विहिरीत पडल्यागत बोलायलास." डॅशबोर्डवर लावला, तर तिला पंख्याचा वाराच ऐकू यायचा. शेवटी काचेच्या कडेच्या खांबाला धरून वायर वर नेली आणि माइक झडपेजवळ, तोंडासमोर लावला. आमच्या गाडीला एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीला आहेत, त्यांनी खांबाच्या आवरणात हात न घालता ते काम जाणकाराकडं द्यावं. आवाज फार मोठा ठेवला तर पलीकडच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं, म्हणून तो बेताचा ठेवला. मग आजी म्हणाली, "आत्ता कसं, शेजारी बसल्यागत ऐकू येतंय!"

तिचं हे वाक्य मला तेव्हा शाबासकी वाटलं. खरी गडबड त्याच वाक्यात आहे, हे कळायला महिना गेला.

झालं असं की फोन लांबायला लागले. आधी फोन हातात धरावा लागायचा, म्हणून पप्पा एका मिनिटात उरकायचे. आता उरकायची गरजच उरली नाही. आजी भाजीला काय आणायचं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, गॅसवाला का आला नाही, हे सगळं मच्छेपासून घरापर्यंत सांगायला लागली. आई ऑफिसातून फोन करायला लागली. मीही कॉलेजच्या व्हरांड्यातून फोन लावून रिचार्जसाठी ओटीपी विचारला आहे, कबूल करते. आम्हाला सगळ्यांना एकच माहीत होतं, गाडीत आता हँड्सफ्री आहे, बोललं तर चालतं.

एका शनिवारी मी पुन्हा पप्पांच्या शेजारी होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, आजीशी बोलणं चाललेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे, ज्यावरून पप्पा गेली बारा वर्षं रोज जातात, त्यावरून गाडी तशीच पूर्ण वेगात गेली. माझं डोकं वर आपटलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "दिसलाच नाही गं." नजर तर समोरच होती, मी स्वतः बघत होते.

त्यानंतर मी याबद्दल वाचायला लागले. हे नवं नाही, जुनंच माहीत असलेलं आहे. १९९७ मध्ये कॅनडात रेडलमायर आणि तिबशिरानी या दोघांनी टोरोंटोतल्या ६९९ चालकांची फोनची बिलं आणि अपघाताच्या वेळा ताडून बघितल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका साधारण चौपट दिसला आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यात काही फायदा आढळला नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी ड्रायव्हिंगसारख्या एका कामावर प्रयोग केला. फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल जास्त चुकले आणि ब्रेकला उशीर झाला, फोन हातात असो वा नसो. रेडिओ ऐकणाऱ्यांचं तसं झालं नाही. म्हणजे आवाज कानावर पडण्यानं बिघडत नाही. आपल्याला उत्तर द्यायचं असतं, तिथं लक्ष जातं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सोळा मीटरहून जास्त जाते. "भाजीला काय आणू" याचा विचार करायला दोन सेकंद तर लागतातच.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं तेवढंच वाईट का? इथं २००८ चा त्याच विद्यापीठातला आणखी एक प्रयोग मला फार पटला. चालकांना सिम्युलेटरवर हायवेनं जायचं होतं आणि ठरलेल्या ठिकाणी बाहेर वळायचं होतं. काहीजण शेजारच्या मित्राशी बोलत होते, काहीजण त्याच मित्राशी फोनवरून. फोनवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी वळण चुकवलं. शेजारी मित्र असलेल्यांपैकी बहुतेकांनी ते बरोबर घेतलं. कारण साधं आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. गर्दी आली की तो गप्प होतो, नाहीतर "अहो, तो सायकलवाला बघा" म्हणतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नाही. आजीला पप्पा शेजारी बसल्यासारखे ऐकू येत होते, पण आजीला स्पीडब्रेकर दिसत नव्हता.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं मानलं जातं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पण त्यातला शब्द हाताबद्दलचा आहे. त्यामुळं हँड्सफ्री लावलं की आपण कायद्यातही सुटलो आणि काळजीतूनही सुटलो, असं आपल्याला वाटायला लागतं. आमच्या घरी नेमकं तेच झालं.

माझं म्हणणं हँड्सफ्री काढून टाका असं नाही. गिअरवर आणि स्टेअरिंगवर हात पाहिजेतच, आणि अगदी नडीचा निरोप दहा सेकंदांत देता येतो, ते चांगलंच आहे. माझं म्हणणं आहे ते फोन करणाऱ्यांबद्दल. आपण सगळा उपदेश चालवणाऱ्याला करतो. पण तो फोन लावतो कोण? आपण. जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला तो बाइकवर असताना "कुठं आलात, दादा?" म्हणून दोनदा फोन करणारे आपणच. रिक्षावाल्या काकांना, स्कूल व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन लावणारेही आपणच. त्यांना तो न उचलून चालत नाही. त्यांचं पोट त्यावर आहे. पप्पांना आजीचा फोन न उचलून चालत नाही, तसंच. म्हणून संभाषण थांबवायची पहिली जबाबदारी ज्याच्यासमोर रस्ता नाही, त्याची. त्याला ते सोपंही आहे. फक्त विचारायचं, "गाडीत हैस का?" आणि 'हो' म्हटलं की, "पोचल्यावर कर."

आजीला हे सांगणं वायरिंगपेक्षा अवघड गेलं. ती म्हणाली, "मग तो कुठं है, मला कसं कळणार?" तिची काळजी खोटी नव्हती आणि तिच्याशी वाद घालून ती कमी होणार नव्हती. शेवटी असं ठरलं की पप्पांनी शाळेतून निघताना, गाडी सुरू करायच्या आधी तिला फोन करायचा. तिथून पुढं पाऊण तास धरायचा, पाऊस असला तर एक तास. तोपर्यंत कुणी फोन करायचा नाही. आईनंही नाही आणि मीही नाही. पहिल्या आठवड्यात आजी पाऊण तास दारातच बसून होती. आता आत बसते, पण घड्याळाकडं तोंड करून.

परवा मी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसून येत होते आणि आजीचा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत तिनं विचारलं, "गाडीत हैस का?" मी म्हटलं, "आजी, मी मागं बसलेय, चालवत नाही." ती म्हणाली, "असूंदे. घरी ये, मग बोलू."