नाव घेणाऱ्यांची मोजदाद

माझी भाची रेण्वीय जीवशास्त्रात पीएच.डी. झाली. तुरीवर पडणाऱ्या मर रोगाला काही वाण दाद देत नाहीत ते का, या एका प्रश्नामागे तिने पाच वर्षे घालवली. गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात मुलाखत देऊन ती थेट आमच्याकडे आली. चहा पुढे ठेवला तरी गप्पच. मी विचारले, ‘काय विचारले गं?’

‘मामा, एच-इंडेक्स विचारला. तीन म्हटले. मग थँक यू म्हणाले.’

तुरीचे नाव कोणी काढले नव्हते.

ही भानगड आधी समजून घेऊ. संशोधक निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची यादी शेवटी देतो. आपला निबंध अशा जितक्या याद्यांत येईल, तितकी आपली ‘सायटेशन्स’. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये या याद्यांची सूची छापायला सुरुवात केली. एखाद्या कामाचा धागा पुढे कोणी नेला ते ग्रंथालयात बसून सापडावे, एवढाच मूळ हेतू. माणसे तोलण्याचा तराजू तिचा पुढे झाला. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सारा पसारा एका आकड्यात बसवला. दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहादा उल्लेख झाला असेल तर एच-इंडेक्स दहा.

या तराजूत सर्वांत जड निबंध कोणता? ‘नेचर’ साप्ताहिकाने २०१४ मध्ये यादी दिली, तिच्यात पहिला होता ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा निबंध. उल्लेख तीन लाखांहून अधिक! त्यात सांगितले आहे काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे ते निळ्या रंगाच्या गडदपणावरून कसे मोजावे. स्वयंपाकघरातल्या मापट्यासारखी ही रीत. प्रयोगशाळेत ती रोज लागते, म्हणून जो तो लाउरींचे नाव घेतो. हा काही थोर निबंध नव्हे, हे खुद्द लाउरींनीच मोकळेपणाने म्हटले होते. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध? तो पहिल्या शंभरातही नाही. जे शाळेच्या पुस्तकात गेले, त्याचा आधार म्हणून उल्लेख कोण करत बसतो?

त्याच १९५१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी एक व्याख्यान दिले. मक्याच्या कणसावरचे ठिपकेदार दाणे वर्षानुवर्षे पाहून त्या सांगत होत्या, की जनुके गुणसूत्रावर एका जागी खिळलेली नसतात, काही जागा बदलतात. सभागृहाला ते पटले नाही, पुष्कळांना कळलेही नाही. दोन-तीन वर्षांत त्यांनी या विषयावर निबंध छापणे जवळजवळ थांबवले. मका मात्र लावत राहिल्या. पुढे जिवाणूंतही अशी जनुके सापडली, आणि १९८३ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांना एकटीला नोबेल मिळाले. १९५५ साली त्या आमच्याकडे मुलाखतीला आल्या असत्या तर? थँक यू!

आकड्याची बाजूही ऐकली पाहिजे. आकड्याला वशिला कळत नाही, आडनाव कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांकन आणले ते मनमानीला आळा बसावा म्हणूनच. पण निबंधाला गुण म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. आपसात एकमेकांची नावे घेणारी मंडळीही निघाली. पेशीशास्त्रज्ञांच्या २०१२ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून तर जाहीरनामाच निघाला, की नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची किंमत करू नका. माझी मागणी त्याहून लहान आहे. उमेदवाराने आपले दोन निबंध द्यावेत, समितीने ते आदल्या दिवशी वाचून यावेत. वाचायला वेळ नसेल तर निवडीचे काम घेऊ नये.

त्या संध्याकाळी मीच भाचीला विचारले, ‘त्या तुरीचे शेवटी निघाले काय?’ ती सांगू लागली. मला निम्मे कळले. चहा दोनदा गरम करावा लागला.