आधी पगार, मग मंगलाष्टकं

शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा अवकाश, घरोघरी मुलीला विचारणा सुरू होते: नोकरी, लग्न की घर? तिच्याच वर्गातल्या मुलाला हे कोणी विचारत नाही. त्याच्या बायोडेटात पॅकेज असतं. तिच्या बायोडेटात उंची, वर्ण आणि ‘नोकरीची आवड’.

या बाबतीत दोन मतं फार ठासून मांडली जातात. पहिलं असं, की शिकून घरी बसली तर सीट वाया गेली. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली; आता तर करदात्यांचे पैसेही बुडतात म्हणे. इंजिनीअर होऊन स्पर्धा परीक्षांत पाच वर्षं घालवणाऱ्या मुलांची सीट मात्र कोणी मोजत नाही. शिवाय घर आपोआप चालत नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या निकालात हेच आकडे पुढे ठेवून गृहिणीच्या श्रमाला पैशांत मोल आहे असं सांगितलं. पण खटला होता दिल्लीतल्या अपघातात गेलेल्या जोडप्याच्या भरपाईचा. म्हणजे मोल ठरलं ते ती गेल्यावर. जिवंत असलेली भाजीला पैसे मागते.

म्हणूनच दुसरं मत मला जास्त घातक वाटतं: आधी लग्न उरकू, नोकरीचं सासरचे बघतील. कांदेपोह्यांच्या बशा फिरत असताना होणाऱ्या सासूबाई म्हणतात, “हौस असेल तर करू दे की नोकरी, आमची काही हरकत नाही.” मुलीचे आईवडील सुखावतात. इथेच तर मेख आहे. मुलाची नोकरी पोटापाण्याची, हिची हौसेची! मग नवऱ्याची बंगळुरूला बदली झाली, बाळ झालं, सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, की पहिली गदा हौसेवर येते. आणि त्यात कोणी दुष्ट असावं लागत नाही.

“पण वय वाढलं की स्थळं कमी होतात.” होतात, नाकारत नाही. त्यातली बरीचशी गळलेलीच बरी.

तेव्हा पदवीनंतर निदान दोन वर्षं नोकरी, पगार स्वतःच्या खात्यात, आणि मग लग्न. त्यानंतर तिला घरच सांभाळायचं असेल तर खुशाल सांभाळावं. आपण काय सोडतोय हे तिला रुपयांत ठाऊक असेल आणि परतायचं झालं तर अनुभवाचा दाखला हाताशी असेल. सोडण्याजोगं काही हाती येण्याआधीच घरी बसलेल्या मुलीने निवड केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि घर निवडणारीला काय द्यायचं, हे याद्यांच्या बैठकीतच ठरावं. दरमहा तिच्या पीपीएफमध्ये किती, फ्लॅटच्या करारावर तिचं नाव आहे की नाही, सकाळचा डबा कोण करणार. लग्नात असला हिशोब शोभत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरातली जुनी यादी काढून बघावी. जावयाच्या अंगठीचं वजन त्यात ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, खाली दोन्ही व्याह्यांच्या सह्यांसकट.