पंप वाढवला, ब्रेक कोण वाढवणार?



हंगाम तोंडावर आला की चहाच्या टपरीवर एक बोलणे हमखास कानी येते : "गाडीचा पंप वाढवून घेतलाय, आता चढाला दम धरत नाही." जुना डिझेल पिकअप, मागे बेण्याचा ऊस नाहीतर खताची पोती. मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवतो, गाडी खरोखरच जोर धरते, मालक खूष होतो. या खुशीची किंमत काय पडते, हे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे.

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. ही ताकद डिझेल जळून येते आणि १ किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. बिनटर्बोच्या इंजिनात हवा मापातच येते. स्क्रूने डिझेल वाढते, हवा वाढत नाही. थोडा जोर मिळतो. न जळलेल्याचा काळा धूर मागून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. तो धूर म्हणजे आपल्याच खिशातला पैसा! शिवाय वाढलेली उष्णता पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट सोसतात, तर वाढलेला जोर क्लचप्लेट आणि गिअर.

मग जुनी गाडी मरतुकडीच ठेवायची काय? नाही. आमचे म्हणणे इतकेच, की नवे घोडे जुंपण्याआधी पळालेले घोडे परत आणा. एअर फिल्टर धुळीने बुजलेला, नोझल पिचकारीऐवजी थेंब गाळणारे, टॅपेट सुटलेले, क्लच घसरणारा, ब्रेक चिकटलेला, टायरात हवा कमी, अशा गाडीला ताकद कुठून राहणार? रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेले असेल तर स्क्रू फिरवणे म्हणजे आजारी बैलाला चाबूक मारणे. तिथे इंजिनाचे कामच काढले पाहिजे.

आणि ब्रेकचे काय? चढाला जी गाडी पळते, तीच उताराला थांबवायची असते. तोच माल घेऊन ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने निघालात, तर ब्रेकला सव्वादोनपट काम पडते. ब्रेक मात्र तेच, कंपनीने घातलेले. रस्त्यावर सायकलवर शाळेला जाणारी पोरे आपलीच असतात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनात मनमानी बदल करू देत नाही, हेही ध्यानात असावे.

दोष एकट्या ड्रायव्हरचा मात्र नाही. "एका खेपेत सगळं आण" असे सांगणारे आपणच. दुसऱ्या खेपेचे भाडे वाचवायचे आणि गाडी पेटली की नशिबाला बोल लावायचा, हे बरे नव्हे.

म्हणून आमची सूचना आहे : हंगामापूर्वी कारखान्याच्या वर्कशॉपने गटवार दिवस ठरवून सभासदांच्या जुन्या गाड्यांचे नोझल, पंप आणि ब्रेक तपासून द्यावेत. माफक आकार घ्यावा, आमची ना नाही. संचालक मंडळाने विचार करावा. आणि तोपर्यंत सभासदांनी स्क्रूला हात लावण्याआधी एकदा ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बघावा.